लष्कर, कंपू, बिऱ्हाड

ग्वाल्हेरमध्ये ‘सिटी सेंटर’ नावाचा जो भाग आहे, तो ग्वाल्हेरच्या कुठल्याही जुन्या वस्तीच्या मध्यावर नाही. लष्कर आणि मुरार यांच्या मधल्या पट्ट्यात गेल्या काही दशकांत तो उभा राहिला. कलेक्टर कचेरी तिथे, जीवाजी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, पटेल नगरकडे वळलं की बँका, दवाखाने, कोचिंग क्लास आणि कपड्यांची झगमगीत दुकानं. मुळात ग्वाल्हेर हे एक शहर नाहीच. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, शिंद्यांच्या फौजेतून वाढलेलं लष्कर आणि इंग्रजी छावणीमुळे मोठं झालेलं मुरार ही तीन गावं एकमेकांकडे सरकत एक झाली. मध्य म्हणायला मग तिन्हींच्या मधली, कुणाचीच नसलेली जागा सापडली आणि तिला नावही इंग्रजी मिळालं.

माझे ग्वाल्हेरचे बहुतेक नातेवाईक आता सिटी सेंटरमध्ये राहतात. मी लंडनला. आम्ही सगळे मूळचे लष्करचे. ‘मूळचे’ हा शब्द आमच्यासारख्यांनी किती जपून वापरायला हवा, ते या गावाच्या नावांनीच मला शिकवलं.

लष्कर हा शब्द फारसी. फौज हा त्याचा अर्थ, आणि फौजेचा तळ हाही. अरबीतला ‘अस्कर’ त्याच्यापासूनच निघाला असं बरेच अभ्यासक मानतात. जुन्या तुर्कीत तळाला ‘ओर्दू’ म्हणत. त्यावरून एका भाषेचं नाव उर्दू पडलं आणि इंग्रजीतला टोळीवाचक ‘होर्ड’ही तिथूनच गेला. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्याला लोक लष्कर म्हणाले. राहुट्या होत्या, घोडे होते, बाजारबुणगे होते. तळ आज ना उद्या उठायचाच असतो. हा उठला नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, बाजारबुणग्यांचे बाजार झाले, देवळं झाली, शाळा झाल्या. नाव मात्र तेच राहिलं. दोनशे वर्षं माणसं ‘फौज’ नावाच्या गावात जन्माला येतात, लग्नं लावतात, तिथेच जातात.

पुण्यातही लष्कर आहे. कॅम्पाला जुने पुणेकर लष्करच म्हणतात, पोलीस ठाण्याच्या पाटीवरही तेच नाव. पण ते लष्कर इंग्रजांचं. पुण्यात परके येऊन राहिले त्या जागेला लष्कर म्हणतात, आणि ग्वाल्हेरात आपण परके म्हणून जाऊन राहिलो त्या जागेलाही लष्करच म्हणतात. मी पुण्यात शिकायला आले तेव्हा ही गोष्ट कुणीतरी मला सांगायला हवी होती, असं आजही वाटतं.

माझ्या जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून ‘लष्कर’ लिहिलेलं आहे. लंडनमध्ये एका कचेरीत समोरच्या बाईंनी त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि दाखला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. आजच्या बातम्यांमधून हा शब्द ज्या संघटनेच्या नावातून त्यांच्या कानावर पडतो, ते लक्षात घेता त्यांना दोष देत नाही. पण मला वाईट वाटलं, कारण हा शब्द त्यांच्या शहरात माझ्या कितीतरी आधी पोहोचला होता. पोर्तुगिजांच्या तोंडून तो इंग्रजीत गेला आणि ‘लास्कर’ झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी म्हणजे लास्कर. सिल्हेटचे, गुजरातचे, आपल्या कोकणातलेही. जहाज लंडनला लागलं की परतीचं काम मिळेपर्यंत ते गोदीपाशी थंडीत पडून असत. त्यांच्यासाठी १८५७ साली लाइमहाउसमध्ये एक निवारागृह उघडलं गेलं. त्या निवाऱ्याच्या नावातच ‘परक्यांचं घर’ असे शब्द होते. फौज या अर्थाने निघालेला शब्द बंदरावर अडकलेल्या परक्या माणसाचं नाव होऊन बसला होता.

लष्करच्या पोटात शिरलं की हीच गोष्ट गल्लीगल्लीत दिसते. कंपू नावाची वस्ती आहे, मोठं सरकारी इस्पितळ आहे त्या बाजूला. ‘कंपू’ हा पोर्तुगीज ‘कांपो’ किंवा इंग्रजी ‘कॅम्प’चा देशी अवतार. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या फ्रेंच बोलणाऱ्या सेनानीकडून ज्या कवायती पलटणी तयार करवल्या, त्यांना कंपू म्हणत. ग्वाल्हेरात तो वस्तीचं नाव झाला. महाराष्ट्रात त्याचं काय झालं पाहा. पलटण गेली, तोफा गेल्या आणि मराठीत कंपू म्हणजे आपापल्यांचं टोळकं असा अर्थ उरला. साहित्यातले कंपू, कचेरीतले कंपू, त्यावरून कंपूशाही. एकच शब्द एका ठिकाणी भाजी आणायला जायची जागा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी दाराला लावलेली कडी झाला. यातला पहिला अर्थ मला फार प्रिय आहे. लहानपणी ‘कंपूत जाऊन येते’ म्हणताना त्यात टोळीबाजीचा वासही नव्हता.

चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ, हीही अशीच नावं. मराठीत गोठ्याचा संबंध संस्कृत ‘गोष्ठ’शी, गाईंच्या जागेशी आहे, पण इथे मी ‘गोट’ या शब्दाकडे झुकते. गोट म्हणजे सरदाराच्या पथकाची छावणीतली जागा. ‘सत्ताधारी गोटात खळबळ’ असं आपली वर्तमानपत्रं रोज लिहितात तो हाच गोट. महाराष्ट्रात तो राजकारण्यांपुरता उरला, ग्वाल्हेरात हिंदी जिभेवर ‘ट’चा ‘ठ’ होऊन पोस्टाच्या पत्त्यात राहिला. तशीच जिन्सी. जिनसी तोफखाना म्हणजे मोठ्या तोफांचा. ग्वाल्हेरात, इंदुरात, छत्रपती संभाजीनगरात, जिथे जिथे तोफा उभ्या राहिल्या तिथे तिथे जिन्सी आहे. शब्द अरबी ‘जिन्स’, म्हणजे प्रकार, वस्तू. आपण पाककृती लिहिताना ‘जिन्नस’ म्हणून मांडतो तोच.

आणि शिंदे की छावनी. मला या नावाचं फार अप्रूप आहे. शिंदे घराणं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं. उत्तरेत शिंदेंचे सिंधिया झाले, आणि आता शहरात सगळे सिंधियाच म्हणतात. कण्हेरखेडचा अस्सल उच्चार रोजच्या बोलण्यात टिकला तो या एका वस्तीच्या नावात, आणि त्याला जोडून शब्द आला तो छावणी.

लष्कर, कंपू, गोठ, छावनी. मुरारही छावणीच, १८८६ साली झाशीच्या बदल्यात इंग्रजांनी किल्ल्याबरोबर ते शिंद्यांना परत दिलं. तळ, तळ आणि तळ. या शहरात घर या शब्दाशी नातं सांगणारं ठळक नाव शोधायला गेलं तर ते वस्त्यांमध्ये नाही, गाण्यात सापडतं. ग्वाल्हेर घराणं. लखनौहून आलेल्या नथ्थन पीरबक्श यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांना दौलतरावांनी आश्रय दिला. त्यांच्या गाण्याची परंपरा वासुदेवबुवा जोशांकडे आली. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा त्यांच्याकडे राहून शिकले आणि हे ख्यालगायन महाराष्ट्रात घेऊन गेले. मिरजेला विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले. इकडे लष्करात कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली वडिलांच्या नावाने गांधर्व महाविद्यालय काढलं. महाराष्ट्रातली कितीतरी घरं ज्या गाण्याला ‘आपलं’ म्हणतात, ते लखनौच्या मुसलमान उस्तादांकडून ग्वाल्हेरच्या तळावर मराठी माणसाने उचललं आहे. या साखळीतली कुठली कडी स्थानिक आणि कुठली बाहेरची, हे मला आजवर कुणी दाखवून देऊ शकलेलं नाही.

महाराज बाडा म्हणजे आमचा वाडा. संस्कृत ‘वाट’, म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा; त्यातून वाडा, वाडी, वाटिका. हिंदीत ‘व’चा ‘ब’ झाला. हिंदीत बाडा म्हणजे ढोरं कोंडायची जागा, तरी ग्वाल्हेरात राजवाड्यासमोरच्या चौकाचं ते सगळ्यात मानाचं नाव आहे. सिटी सेंटरच्या नाक्यावर उभं राहिलं की टेंपोवाल्यांचा पुकारा ऐकू येतो, ‘बाडा, बाडा, बाडा!’ अर्धं शरीर बाहेर काढून, एका हाताने दांडा धरून पोरगा ओरडत असतो. माणसं चढतात, तो पोरगा दोघांना सरकवून तिसऱ्याला बसवतो आणि टेंपो धूर सोडत निघतो. त्या पोराला शब्द मराठी आहे हे माहीत असायचं काही कारण नाही. शब्द त्याचाच आहे.

देवाणघेवाण उलटीही झाली. हिंदीत ग्वालियर, मराठीत ग्वाल्हेर. हा ‘ल्ह’ कुठून आला? माझा एक तर्क आहे. बागलाणात साल्हेर आणि मुल्हेर हे दोन जबरदस्त किल्ले आहेत. सह्याद्रीतून आलेल्या कानाला परमुलखातला डोंगरी किल्ला दिसला, आणि ओठांनी त्याचं नाव ओळखीच्या साच्यात बसवलं असावं. पुरावा नाही, पण म्हणून पाहा: साल्हेर, मुल्हेर, ग्वाल्हेर.

आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरली होती की ती हिंदी आहे हे कळायला मला पुण्यात यावं लागलं. ‘जरा माझी मदत कर’ म्हटलं की मैत्रिणी थांबायच्या. ‘मला मदत कर’ हवं. चहा बनवायचा नाही, करायचा. भाजी कापायची नाही, चिरायची. त्यांनी शिकवलं ते बरोबर होतं आणि मी ते आनंदाने शिकले. दुखलं ते वेगळंच. घरमालकीणबाईंनी शेजारणीला माझी ओळख करून दिली, ‘नाव मराठी आहे, पण तशी परदेशीच.’ परदेशी हा शब्द महाराष्ट्रात विलायतेच्या माणसासाठी नंतर वापरात आला. त्याआधी तो उत्तरेकडून आलेल्या माणसासाठी होता; परदेशी हे आडनाव अजून तेच सांगतं. पेशवाईच्या कागदांत हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा उत्तरेचा मुलूख, आणि देश म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेचं पठार. माझ्या ग्वाल्हेरात आम्हाला ‘दक्षिणी’ म्हणत, इकडे मी परदेशी झाले. दोन्ही शब्दांत दिशा खरी होती. दोन्हींचा मला राग नाही.

राग आला तो सिटी सेंटरमध्ये, माझ्याच माणसांचा. भाच्याकडे जेवायला बसलो होतो. खिडकीतून नव्या इमारतींचे सांगाडे दिसत होते. बोलणं शहरावर आलं आणि घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सहज म्हटलं, ‘बाहेरच्यांनी वाट लावली गावाची. भिंड-मुरैन्याहून आलेत, बिहारहून आलेत, यांना काय माया असणार?’ कुणी काही बोललं नाही. मीही त्या क्षणी बोलले नाही, वयाचा मान होता. पण ज्या शहरावर माझा जीव होता, ते शहर त्या वाक्यापाशी माझ्या हातून निसटलं. रुंद झालेले रस्ते, विकलेले वाडे, ओळखी नसलेली दुकानं, यातलं काहीही मी सोसलं असतं.

बाहेरचा या अर्थाने मराठीत एक जुना, धारदार शब्द आहे: उपरा. लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनाने तो सगळ्यांना माहीत करून दिला. त्याच्या मागे उभा आहे ‘उपरी’, जमीनमहसुलाच्या दप्तरातला. गावात दोन प्रकारचे शेतकरी असत. मिरासदार, ज्याची जमीन वंशपरंपरेची, ज्याला गावकीत शब्द. आणि उपरी, जो दुसऱ्याची किंवा गावाची पडीक जमीन कराराने कसतो आणि गावकीत ज्याला तो शब्द नाही. ‘उपरि’ म्हणजे वर. वरून आलेला, मुळं नसलेला. ‘मिरास’ अरबी, वारसा. म्हणजे उपरा हा शब्द परगावच्या माणसाबद्दल नाहीच. तो हक्काबद्दल आहे. मिरासदार शेजारच्या गावचा असला तरी मिरासदार, आणि उपरी तीन पिढ्या तिथेच राबला तरी उपरीच.

‘वतन’चंही असंच. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, जिच्यासाठी माणसं गाणी म्हणतात. मराठीने हाच अरबी शब्द घेतला आणि त्याचा अर्थ केला वंशपरंपरेचं काम आणि त्याचं उत्पन्न: पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी. गाण्यातली भूमी मराठीत सातबाऱ्यावर आली. आणि महार वतनात तर वतन म्हणजे पिढ्यानपिढ्यांची वेठ होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली त्याविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. १९५८ साली ती कनिष्ठ वतनं कायद्याने गेली. मातीशी बांधलेलं असणं म्हणजे आपलेपणा, असं जे सहज म्हणतात त्यांनी हा शब्द एकदा दोन्ही भाषांत वाचावा.

‘भूमिपुत्र’ मात्र या अर्थाने फार जुना नाही. ज्योतिषाच्या पोथ्यांत भूमिपुत्र म्हणजे मंगळ, पृथ्वीचा मुलगा म्हणून भौम. आजचा अर्थ आधुनिक राजकारणाने दिला. मलेशियात हाच शब्द ‘बुमीपुत्रा’ होऊन गेला आणि १९७१ पासूनच्या नव्या आर्थिक धोरणाने त्याच्या आधारावर नोकऱ्या, शिक्षण आणि भांडवल यांत झुकतं माप ठरवलं. आपल्याकडे २००८ साली रेल्वेभरतीची परीक्षा द्यायला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. ती बातमी लंडनमध्ये वाचताना मला भीती वाटली ती ग्वाल्हेरसाठी. परप्रांतीय हा शब्द तिथे आम्हाला लागू पडत होता, आणि दोन शतकांत तो कुणी आमच्यावर उगारला नव्हता.

उलट त्या शहराने आमच्या भाषेला जागा दिली. भा. रा. तांबे तिथे राजकवी होते, १९४१ साली तिथेच वारले. मराठी साहित्य संमेलन १९२८ साली ग्वाल्हेरला भरलं, माधव श्रीहरी अणे अध्यक्ष होते. महाराष्ट्र राज्य झालं १९६० साली, आणि पुढच्याच वर्षी संमेलन पुन्हा ग्वाल्हेरला गेलं. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्याच श्योपूरला १९१७ साली गजानन माधव मुक्तिबोध जन्मले आणि हिंदीचे मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक झाले, १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांचे झाले आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपलं म्हटलं.

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तिथे जमलेल्यांत नागपूरचे, कोकणातले, बेळगावचे, बडोद्याचे आणि आम्ही लष्करचे असे सगळे असतो, आणि इंग्रजांच्या दृष्टीने आम्ही सगळे एकाच बाहेरून आलेले. आपण या देशाला विलायत म्हणायचो. अरबी ‘विलायत’ म्हणजे नुसता प्रांत, राज्य. आपल्याकडच्या इंग्रज शिपायांनी ‘विलायती’ हा शब्द ऐकला आणि त्याचा ‘ब्लायटी’ केला. पहिल्या महायुद्धात खंदकात पडलेल्या पोरांना ब्लायटी म्हणजे मायदेश, जिथे परत जायची आस आहे ती जागा. आपण ज्याला परकं म्हणून नाव दिलं, ते त्यांच्या तोंडी घराचं नाव झालं. हेही छावणीतच घडलं.

सिटी सेंटरच्या नव्या इमारतींवर आता ‘रेसिडेन्सी’ आणि ‘एन्क्लेव्ह’ अशी नावं दिसतात. रेसिडेन्सी म्हणजे इंग्रजांचा रेसिडेंट, दरबारावर नजर ठेवणारा परका अंमलदार, जिथे राहायचा ती जागा; मुरारला ती होती. एन्क्लेव्ह म्हणजे दुसऱ्याच्या मुलखाने वेढलेला जमिनीचा तुकडा. भाच्याच्या इमारतीचा रखवालदार बिहारमधल्या छपऱ्याचा आहे. निघताना मी त्याला विचारलं, राहता कुठे? म्हणाला, ‘डेरा कंपू में है। घर तो छपरा।’ बिहारकडे शहरातल्या भाड्याच्या खोलीला डेरा म्हणतात. डेरा म्हणजे तंबू; मराठीत डेरेदाखल होणं आहे, डेरेदार वडही आहे. मला एकदम आजी आठवली. तिच्या आधी चार पिढ्या लष्करात गेल्या होत्या, तरी ती म्हणायची, ‘बिऱ्हाड लष्करात, घर वाईला.’ बिऱ्हाडाचं जुनं रूप बिढार, आणि कन्नडमध्ये तळाला, उतरायच्या जागेला ‘बिडार’ म्हणतात. कंपूतल्या त्या माणसाचा डेरा आणि माझ्या आजीचं बिऱ्हाड, दोन्ही शब्दांत तंबूच आहे.

त्या रात्री मी वडीलधाऱ्यांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, पण वाईचं घर तरी खरं ना? मी त्यांना आजोबांनी जपलेली पत्रं आठवून दिली. पत्ता लिहायची आपली रीत म्हणजे ‘मु. पो.’, मुक्काम पोस्ट. मुक्काम म्हणजे अरबी ‘मकाम’, प्रवासात थांबायची जागा. आजोबांना येणाऱ्या पाकिटावर ‘मु. लष्कर, पो. ग्वाल्हेर’ असायचं. आणि वाईच्या ज्या घराला आम्ही मूळ घर म्हणतो, तिथून लिहिणाऱ्या चुलत्यांनीही स्वतःचा पत्ता कोपऱ्यात ‘मु. पो. वाई’ असाच लिहिलेला असे.